पंधराव्या दिवसाची मोजणी

हडलस्टन
१२ सप्टेंबर २०२२

प्रिय फिलोमिना,

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू नुसती ‘हं, हं मावशी’ करतेस आणि मागे तुझ्या कॉम्प्युटरची खटखट चालूच असते. कागदाला उत्तर द्यावं लागतं.

शुक्रवारच्या पेपरात तिसऱ्या पानावर तुमच्या आढावा कक्षाचा तक्ता छापून आला आहे. राज्यातल्या सरकारी कॉलेजांत विद्यार्थी किती घटले, पदवी घेतल्यावर नोकरी किती जणांना लागली, सगळं विभागवार. आमच्या हडलस्टन कॉलेजच्या शिक्षक-प्रशिक्षण विभागापुढे लिहिलंय, पाच वर्षांत पदवी घेतलेले चौऱ्याण्णव, त्यांतले राज्यात शिकवणारे एकोणतीस. एकतीस टक्के. खाली मुंगीच्या अक्षरात, पन्नास टक्क्यांच्या आतल्या विभागांचे नवे प्रवेश बंद करावेत अशी शिफारस. आणि त्याखाली तुझं नाव. वरिष्ठ विश्लेषक.

मी त्या कॉलेजात तेहेतीस वर्षं नोंदणी अधिकारी होते, हे तुझ्या ऑफिसात कोणाला सांगितलं नसशीलच. त्या चौऱ्याण्णवांतल्या निम्म्या पोरी मला रविवारी चर्चमध्ये दिसतात. सेंट सिरिलच्या शाळेत तिसरीला शिकवणारी मोनिका बार्तोश तुमच्या तक्त्यात बेकार आहे. काल तिला विचारलं, “काय गं, तू बेकार आहेस का?” ती म्हणाली, “व्हेरामावशी, अठ्ठावीस पोरं आहेत वर्गात आणि त्यांतल्या दोघांना उवा झाल्यात. बेकार असते तर बरं झालं असतं.”

विभागात कायम नोकरीवर आता एकटी क्लोटिल्डा तोम्को उरली आहे. बाकीचे तीन तासांवर येतात, तासांवर जातात. क्लोटिल्डा अठ्ठावन्न वर्षांची. घरात नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली. प्रवेश थांबले की दोन वर्षांत विभाग संपला, आणि या खोऱ्यात दुसरं कॉलेज नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला कोण उभं करणार? पोलाद कारखाना गेला, कोळसा गेला, दवाखान्याचं बाळंतपणाचं दालन गेलं. मास्तरणी तयार करणं एवढं एकच काम इथे उरलं होतं, तेही तू रकान्यात घालून पुसायला निघालीस.

कॉन्व्हेंटात आम्हाला बेरीज चुकली तर वहीचं अख्खं पान फाडून परत मांडायला लावत. चुकीच्या आकड्याखाली सही करणाऱ्या मुलीला नन काय म्हणायच्या ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

हा आकडा कुठून काढलास ते कळव.

तुझी,
व्हेरामावशी


चार्ल्सटन
२१ सप्टेंबर २०२२

प्रिय व्हेरामावशी,

पत्र मिळालं. ऑफिसातच वाचलं. मागे खटखट चालू होती, ती आता माझी एकटीचीच असते. या खोलीत आम्ही चौदा जण होतो, आता चार आहोत. राज्यातले विद्यार्थी घटतात तसे त्यांना मोजणारेही घटतात. बाकीच्यांच्या खुर्च्या नेल्या नाहीत अजून. आम्ही त्यांवर कोट टाकतो.

आकडा कुठून येतो ते सांगते. आमच्याकडे नावं येत नाहीत, क्रमांक येतात. पदवीधराचा क्रमांक आम्ही राज्याच्या पगारनोंदीत शोधतो. तिथे सापडला तर नोकरी आहे, नाही सापडला तर नाही. पगारनोंदीत फक्त बेरोजगारी विम्याचा हप्ता भरणारे मालक असतात. चर्चच्या शाळांना तो हप्ता कायद्याने माफ आहे, त्यामुळे मोनिकाचा पगार राज्याला दिसत नाही. नदीपलीकडे शेजारच्या ओहायो राज्यात शिकवणारेही दिसत नाहीत.

हे मला माहीत होतं. मी तशी तळटीप घातली होती. तक्ता एका पानात बसवायचा होता म्हणून छापताना सगळ्या तळटिपा काढल्या. मी विचारलं, तेव्हा ‘कोण वाचतं’ असं उत्तर मिळालं. मी पुन्हा विचारलं नाही.

या शिफारशीवर तीस नोव्हेंबरपर्यंत हरकत घेता येते. लेखी, सहीनिशी, पुराव्यासकट. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळाची बैठक आहे, तिथे ती मंजूर होते आणि मग तीन वर्षं कोणी फाइल उघडत नाही. चर्चच्या शाळांच्या मुख्याध्यापकांची पत्रं आली तर मी तो आकडा बदलू शकते. तेवढा अधिकार मला आहे.

मी बरी आहे. कोणी हललं नाही की इथले दिवे आपोआप विझतात. मग आमच्यातलं कोणीतरी हात वर करतं.

तुझी,
फिलोमिना


हडलस्टन
१० ऑक्टोबर २०२२

प्रिय फिलोमिना,

सोबत बावीस पत्रं आहेत. मोजून घे.

तळटीप काढली तेव्हा तू गप्प बसलीस, हे वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ते राहू दे. मी कामाला लागले.

चौऱ्याण्णव नावांची यादी क्लोटिल्डाने दिली. फोन करायला मी मंगळवारच्या बायकांना बसवलं. चर्चच्या तळघरात आम्ही आठजणी मंगळवारी विकायला पिरोही करतो, त्या उकडलेल्या करंज्या, तीनशे डझन. एका हाताने बटाट्याचं सारण भरायचं आणि खांदा-कानात फोन धरायचा. या पोरी कोणाच्या तरी भाच्या, सुना, पुतण्याच आहेत. “तुझी धाकटी सून कुठे असते” अशा थाटात दोन मंगळवारांत यादी संपली. चौघींचा पत्ता लागला नाही. सातजणी बाळंतपणामुळे घरी. तेराजणी दुसऱ्या कामाला लागल्या, त्यांतली एक कुत्र्यांचे केस कापते आणि माझ्या दुप्पट कमावते. एकोणीसजणी ओहायोत शिकवतात. आणि बावीस, फिलोमिना, बावीसजणी आपल्याच राज्यात, चर्चच्या शाळांत, खडू धरून उभ्या आहेत.

गाडी काढून त्यांच्या सहा शाळा फिरले, एकेकीसाठी मुख्याध्यापकांचं एकेक पत्र घेतलं. सेंट सिरिलच्या मुख्याध्यापिका सिस्टर कोर्नेलिया त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी चष्मा पुसला, सही केली आणि म्हणाल्या, “सरकारला आमच्याकडून काही हवंय का?” मी म्हटलं, “नाही सिस्टर, तुम्ही आहात एवढं सिद्ध करायचंय.” त्या म्हणाल्या, “मला तरी पटलंय.”

क्लोटिल्डाला सांगितलं, काळजी करू नकोस. ती कधीच फारसं बोलत नाही. विभागाच्या दाराशी पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची पाटी होती, ती तिने काढून आत ठेवली होती. ती मी परत लावायला लावली.

एकोणतीस अधिक बावीस, एक्कावन्न. चौऱ्याण्णवात एक्कावन्न म्हणजे चोपन्न टक्के. ओहायोतल्या एकोणीसजणींचं काय ते तू बघ.

तुझी,
व्हेरामावशी


चार्ल्सटन
१९ ऑक्टोबर २०२२

प्रिय व्हेरामावशी,

बावीस पत्रं दाखल झाली. आकडा बदलला. हडलस्टन, शिक्षक-प्रशिक्षण, चोपन्न टक्के. मोनिका आता नोकरीत आहे. ओहायोतल्या मुली धरता येत नाहीत. नियमात नदी आहे.

मी हे पत्र इथेच संपवू शकले असते.

नियम दोन आहेत. नोकरीचा एक, नोंदणीचा दुसरा. दहा वर्षांत ज्या विभागाची विद्यार्थीसंख्या साठ टक्क्यांहून जास्त घटली, त्याचे प्रवेश बंद. दोन्हींतला एक जरी चुकला तरी शिफारस कायम राहते. सप्टेंबरच्या तक्त्यात नोंदणीचा निकाल नव्हता, कारण या वर्षीची मोजणी आली नव्हती. ती परवा आली.

२०१२ साली विभागात एकशे अडुसष्ट विद्यार्थी होते. यंदा सत्तावन्न आहेत. घट सहासष्ट टक्के.

यात तळटीप नाही, मावशी. या आकड्यांचा उगम आमच्याकडे नाही, कॉलेजच्याच सहीच्या कागदावर आहे. सत्राच्या पंधराव्या दिवशी पटावर किती नावं आहेत ते नोंदणी अधिकारी लिहून पाठवतो, आम्ही तेच धरतो. २०१२ चा कागद मी कपाटातून काढून पाहिला. खाली तुझी सही आहे. तुझं अक्षर होतं तसंच आहे.

यंदा अडुसष्ट आले असते तर विभाग वाचला असता. अकरा कमी पडले.

क्लोटिल्डाताईंना तू सांगणार की मी अधिकृत पत्र पाठवू?

तुझी,
फिलोमिना


हडलस्टन
५ नोव्हेंबर २०२२

प्रिय फिलोमिना,

उत्तराला दोन आठवडे लावले. आजारी नव्हते. रोज टेबलाशी बसत होते आणि उठत होते.

क्लोटिल्डाला अधिकृत पत्र पाठवू नकोस.

२०१२ साली विभागात एकशे अडुसष्ट नव्हते. एकशे एकवीस होते. वरचे सत्तेचाळीस मी धरून ठेवले होते.

कसं ते लिहिते, म्हणजे कोणाला विचारायला नको. उन्हाळ्यात मुलं प्रवेश घेतात. ऑगस्टमध्ये त्यांतली काही येतच नाहीत. काही आठवडाभर बसतात आणि ओहायोत गोदामात काम मिळालं की जातात. नियमाने त्यांचं नाव त्याच दिवशी काढायचं असतं. मी काढत नसे. मी त्यांना फोन करत असे. “बाबा, सोडायचंय तर सोड, पण पंधरावा दिवस होईपर्यंत अर्ज करू नकोस, तुझं काही बिघडत नाही.” पोरं चांगली होती. हो म्हणायची. जी आलीच नव्हती त्यांना विचारायचीही गरज नव्हती. त्यांना सगळ्यांना मी पहिल्या वर्षाच्या अध्यापन-परिचय या वर्गात घालत असे, कारण त्या वर्गाला कुठलीच आधीची अट नाही. पंधराव्या दिवशी कागद राजधानीला, तुमच्या चार्ल्सटनला गेला की सोळाव्या दिवशी नावं कमी करायची.

हे मी एकोणीस वर्षं केलं. १९९४ पासून, निवृत्त झाले त्या सत्रापर्यंत. राज्य डोकी मोजून पदं देत होतं. त्या एकोणीस वर्षांत या विभागातलं एकही पद गेलं नाही. शेजारच्या तीन कॉलेजांत गेली. मी स्वतःसाठी एक पैसुद्धा घेतली नाही, पण हे लिहिताना त्याचा काही उपयोग होत नाही.

माझ्या जागी आलेला ट्रॅव्हिस प्रामाणिक आहे. आला नाही त्याचं नाव काढतो. म्हणून एका वर्षात पट धाडकन खाली आला आणि सगळे म्हणाले, बघा, कोणाला आता मास्तरकी नको. मीही तेच म्हणत राहिले. नंतरनंतर मला ते खरंच वाटू लागलं.

आता हिशेब कर. एकशे एकवीसवरून सत्तावन्न. मी केला आहे. त्रेपन्न टक्के घट. विभाग वाचतो.

सोबत वेगळ्या कागदावर सहीचं निवेदन आहे. त्यात वर्षवार खरी संख्या आहे, माझ्या स्वतःच्या वह्यांतून. बँकेतल्या मुलीकडून साक्षांकित करून घेतलं आहे. तिने वाचलं नाही, नुसता शिक्का मारला. पोस्टाने कक्षाच्या पत्त्यावर पाठवलं तर कुठल्यातरी ट्रेमध्ये पडून राहील, म्हणून तुझ्याकडे देते. तू हाताने दाखल कर. तारीख तीस.

माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. चौकशी होईल, पेपरात येईल, पेन्शनला हात लागेल. एकाहत्तर वर्षांच्या बाईला तुरुंगात कोणी टाकत नाही. टाकलं तर तिथेही कोणाला तरी नोंदी ठेवायला लागतीलच.

सप्टेंबरात मी तुला सहीबद्दल जे लिहिलं ते परत घेते.

व्हेरामावशी


हडलस्टन
२६ नोव्हेंबर २०२२

प्रिय फिलोमिना,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू येशील असं वाटलं होतं. टर्की लहानच आणली होती. क्लोटिल्डा आणि तिची आई आल्या होत्या. आईला चाकांच्या खुर्चीतून आणलं आणि खुर्चीतच भरवलं. मी क्लोटिल्डाला एवढंच सांगितलं की दुसरी हरकतही दाखल झाली आहे आणि ती पक्की आहे. कसली ते सांगितलं नाही. पेपरातून कळेल तेव्हा कळेल. ती म्हणाली, “मग जानेवारीच्या प्रवेशाची पत्रकं छापायला टाकू?” मी म्हटलं, टाक.

सरकारी कामात गप्प राहायला सांगतात, हे मला कळतं. निवेदन तुझ्याच मावशीचं आहे म्हणून तुला जास्तच सांभाळावं लागत असेल. लिहू नकोस. तारीख फक्त चुकवू नकोस.

तुझी,
व्हेरामावशी


चार्ल्सटन
८ डिसेंबर २०२२

प्रिय व्हेरामावशी,

काल मंडळाची बैठक झाली. हडलस्टनच्या शिक्षक-प्रशिक्षण विभागाचे नवे प्रवेश बंद करण्याची शिफारस मंजूर झाली. अकरा विभाग होते. सगळ्यांना मिळून चाळीस मिनिटं लागली. हडलस्टनचं नाव आलं तेव्हा कोणीतरी कॉफीचं विचारत होतं.

तुझं निवेदन मी दाखल केलं नाही. ते या पाकिटात परत पाठवते आहे. त्याची प्रत कुठे नाही.

सात नोव्हेंबरला ते माझ्या हातात आलं. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. रोज सकाळी वाटायचं, आज देते. वरच्या मजल्यावर द्यायचं होतं, जिन्याच्या बावीस पायऱ्या आहेत. तीस तारखेला पाच वाजता सगळे कोट घालत होते. मी खण उघडला, पाहिलं, बंद केला.

कारणं लिहिते. तू माझ्या आईची बहीण आहेस. आई गेल्यावर माझे पदवीचे अर्ज तू भरलेस. निवेदन वर गेलं असतं तर ते तिथून फौजदारी विभागाकडे गेलं असतं, हे नक्की होतं. एक कारण हे.

दुसरं. २०१२ ला पायाभूत वर्ष धरायचं, हे मी ठरवलं होतं. आलेख माझा आहे. एका कॉलेजचा पाया खोटा निघाला तर सगळ्या कॉलेजांचा तपासावा लागला असता, आणि तो तपासायला आम्ही चौघं आहोत. मार्चमध्ये आम्ही तिघं होणार असं ऐकते. दहा वर्षांचा आलेख ज्याच्या हातून बिघडला त्यालाच काढतील, नाही का?

यातलं कोणतं कारण आधी आलं ते मला सांगता येत नाही. मी आठवून पाहिलं. दोन्ही खणातच होती.

तू मला रागव. तुला रागावता येतं. मला काय वाटतंय ते मी शोधते आहे, पण अजून काही हाताला लागलेलं नाही. आज ऑफिसला आले. जेवणाच्या सुट्टीत चीज-सँडविच खाल्लं. पुढच्या वर्षाचे क्रमांक यायला लागले आहेत.

क्लोटिल्डाताईंचं अधिकृत पत्र सोमवारी निघेल.

फिलोमिना


हडलस्टन
१९ डिसेंबर २०२२

प्रिय फिलोमिना,

रागावत नाही. बसले होते रागवायला. कागद घेतला, तारीख घातली, आणि पुढे जे लिहायचं ते सगळं माझ्यावरच यायला लागलं. तू एक आकडा जाणूनबुजून जागेवर ठेवलास. मी एकोणीस ठेवले. दोघींनी कोणाच्या तरी भल्यासाठीच ठेवले, असं आपण म्हणू.

क्लोटिल्डाला सरकारी पत्र पोचायच्या आधी मी तिच्याकडे गेले. तू परत पाठवलेलं निवेदन घेऊन गेले. कुठूनतरी तिला कळायच्या ऐवजी माझ्याकडून कळावं.

ती आईला सूप भरवत होती. मी म्हटलं, “विभाग बंद झाला.” ती म्हणाली, “पत्रकं छापखान्यात दिलीत, थांबवायला हवीत.” मग मी निवेदन तिच्यासमोर ठेवलं. तिने एका हातात चमचा धरूनच वाचलं. पानं उलटायला मी मदत केली. मला वाटलं, ती विचारेल, हे वर का गेलं नाही. किंवा म्हणेल, व्हेराताई, तुम्हीच बुडवलंत आम्हाला. त्या दोन्हींची उत्तरं मी वाटेत तयार करून ठेवली होती.

ती म्हणाली, “ही नावं माझ्या वर्गात घातली होतीत?”

मी म्हटलं, “परिचयाच्या वर्गात. त्याला अट नव्हती.”

“परिचयाचा वर्ग मीच घेत होते.”

“हो.”

“दरवर्षी?”

“हो.”

तिने आईचं तोंड पुसलं. मग म्हणाली, “मी नव्वद नावं पुकारायची. चाळीस-पन्नास ‘हजर’ म्हणायचे. दोन आठवडे पुकारायची. सोळाव्या दिवशी तुमच्याकडून कागद यायचा, तुमच्या अक्षरात. इतक्या जणांनी वर्ग सोडला. खाली नावं.”

तो कागद मी विसरले होते, फिलोमिना. नियमाप्रमाणे शिक्षकाला कळवावं लागतं. मी नियम पाळत होते.

“मला वाटायचं, मी कंटाळवाणी आहे, कोणाकडून तरी ऐकूनच येत नसतील,” ती म्हणाली. “आवाज रेकॉर्ड करून ऐकला. भाषणाचा एक वर्ग लावला, शनिवारी, व्हीलिंगला जाऊन. धडे बदलले. एक वर्ष विनोद सांगून पाहिले. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच गेले.”

मी म्हटलं, “मला कधी विचारलं असतंस.”

“काय विचारायचं? माझा वर्ग का पळतो म्हणून?”

आईने सूप नको म्हणून मान फिरवली. क्लोटिल्डाने वाटी बाजूला ठेवली.

“२००९ साली मला ओहायोतल्या एका कॉलेजातून बोलावणं आलं होतं,” ती म्हणाली. “कायम नोकरी. विभागप्रमुख म्हणून.”

हे मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

“मग?”

“जमणार नाही म्हणून कळवलं.”

“आईमुळे?”

“आई तेव्हा चर्चच्या जत्रेत पोल्का नाचत होती, व्हेराताई.” तिने आईच्या पायांवरची चादर सरळ केली. “मी म्हटलं, आपला अर्धा वर्ग दोन आठवड्यांत उठून जातो. आपण दुसरीकडे जाऊन काय दिवे लावणार? इथे निदान सांभाळून घेतात.”

ती रडली नाही. मीही नाही. तिने मला कॉफी विचारली, मी हो म्हटलं, मग ती करायची राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “खरे किती बसले आणि खरे किती गेले, हे कुठे आहे का?”

मी म्हटलं, “आहे. वह्यांत आहे.”

घरी येऊन मी सगळ्या वह्या काढल्या. निवेदनात मी विभागाची एकूण संख्या लिहिली होती, तिच्या वर्गाची वेगळी काढायचं मला सुचलंच नव्हतं. चार दिवस लागले. खोटी नावं वगळून, वर्षवार, तिच्या वर्गात प्रत्यक्ष आलेले आणि शेवटपर्यंत टिकलेले. एका पानावर बसलं. तळटीप लागली नाही.

काल ते पान तिला नेऊन दिलं. ती दारातच उभी राहून वाचू लागली. बर्फ पडत होतं, तरी आत या म्हणाली नाही, वाचतच राहिली. बोट एकेका ओळीवरून खाली आणत होती. २००९ वर बोट थांबलं. त्या वर्षी एक्कावन्न आले होते आणि एकोणपन्नास टिकले होते.

“दोघंच गेले,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “दोघंच.”

तिने पानाची घडी घातली आणि आईकडे बघायला आत गेली. मी बाहेरून दार ओढून घेतलं आणि परत आले.

व्हेरामावशी